मिरचीची पानं आक्रसलीत, चिकट झालीत, मुंग्याही फिरतात. निंबोळी तेल दोनदा मारूनही फरक नाही. आता कोणतं औषध मारू? शिवाय कुंडीत पुन्हा पुन्हा गवत उगवतं, त्याचं काय करू?

तूर्तास कोणतंच नको. आधी पान उलटं करून बघा. तुम्ही फोटो टाकलेला नाही, त्यामुळे ही तपासणी तुम्हालाच करावी लागेल.

चिकटपणा आणि मुंग्या ही जोडी दिसली की माझा पहिला संशय माव्यावर, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किड्यांवर. कोवळ्या शेंड्यावर आणि पानाखाली हिरवट किंवा काळपट दाण्यांसारखे गर्दी करून बसलेले असतात. ते रस शोषतात आणि त्यातली जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपानं बाहेर टाकतात. मुंग्या येतात त्या साखरेसाठी. बदल्यात त्या माव्याची राखण करतात, मावा खायला आलेल्या कीटकांना हुसकावून लावतात. म्हणून मुंग्यांची वाटही बंद करायला हवी. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यावर ठेवा आणि पानं भिंतीला टेकू देऊ नका. पानांवर काजळीसारखा काळा थर आला असेल, तर ती त्याच साखरेवर वाढलेली बुरशी. ओल्या फडक्यानं पुसली की जाते, वेगळं बुरशीनाशक लागत नाही. झाड हलवल्यावर पांढरे ठिपके उडाले तर पांढरी माशी समजा. बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले तर पिठ्या ढेकूण. मात्र पानावर नुसता पांढरा कोंडा पडलेला असेल, तर ती बहुतेक वेळा माव्याची कात असते.

आता आक्रसण्याचं. मिरचीचं पान कोणत्या दिशेला वळलंय ते नीट बघा. कडा वर येऊन पान होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे. कडा खाली वळून होडी उपडी झाली असेल आणि देठ लांबट वाटत असेल तर कोळी (जाळं विणणारा नव्हे, माइट नावाची बारीक कीड). शेंड्याखाली पांढरा कागद धरून दोन टिचक्या मारा. फुलकिडे जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे, पिवळसर, चिरेसारखे असतात आणि कागदावर तुरुतुरु पळतात. मिरचीवरचा कोळी इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. हे दोघेही चिकट थेंब टाकत नाहीत. त्यामुळे तुमच्याकडे एकाच वेळी दोन किडी असण्याचीही शक्यता आहे, आणि तसं सर्रास घडतं.

निंबोळी तेल का चाललं नाही? माझा अंदाज, तुम्ही वरून फवारलंत आणि कीड खाली बसली होती. दुसरं म्हणजे ते झटक्यात मारत नाही. किडीचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मोजदाद करण्यात अर्थ नाही. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं पानांची खालची बाजू धुऊन काढा. निम्मा मावा तिथेच जातो, आणि खाली पडलेला फारसा परत चढत नाही. मग एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण घाला. साबण नसेल तर तेल नुसतं वर तरंगतं. फवारणी संध्याकाळी करा. आधी एका पानावर मारून दिवसभर थांबा, मगच सगळ्या झाडावर. पाच ते सात दिवसांच्या अंतरानं तीन वेळा तरी करावं लागेल, कारण अंडी आणि लपलेली पिल्लं एका फवारणीत संपत नाहीत. कोळी निघाला तर गंधक चांगलं काम करतं, पण तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात. कडक उन्हाळ्यातही गंधक नको.

नवी पानं बारीक, पिवळट आणि गुच्छासारखी येत असतील आणि कीड गेल्यावरही तशीच राहिली, तर तो विषाणू. त्यावर औषध नाही. झाड उपटून टाका, शेजारची वाचतील.

एक चूक मी केलीय, तुम्ही करू नका. एकदा गुलाबावर काळ्या, अंगावर नारिंगी ठिपके असलेल्या, इवल्याशा मगरीसारख्या अळ्या दिसल्या. मी एकेक चिमटीत धरून चिरडल्या. नंतर कळलं की त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या, म्हणजे मावा फस्त करणारी फौजच मी मारली होती. पुढचे पंधरा दिवस गुलाबावर मावाच मावा. तुमच्या झाडावर तशा दिसल्या तर फवारणी सोडून द्या आणि आठवडाभर नुसतं बघा.

खत कोणतं घालता ते लिहिलं नाहीत. युरिया किंवा तत्सम नत्राचं खत भरपूर घालत असाल तर आवरा. लुसलुशीत शेंड्यांवर मावा आधी येतो.

कुंडीत पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या गवताबद्दलही विचारलंय. त्याची काडी तिकोनी लागत असेल तर तो लव्हाळा. वरून उपटलात तर खालच्या गाठी तशाच राहतात आणि आठवड्यात पुन्हा कोंब येतो. कुंडी रिकामी झाल्यावर माती पालथी करून चाळा, काळ्या गाठी एकेक वेचून काढा, आणि त्या कंपोस्टमध्ये मात्र टाकू नका.