सात वर्षांच्या मुलीला केगल करायला लावायचं का?

तुमची मुलगी रात्री कोरडी असते पण दिवसा चड्डी ओली करते, डॉक्टरांनी पेल्विक फ्लोअरची (म्हणजे शी-शू रोखणाऱ्या तळाच्या स्नायूंची) फिजिओथेरपी सांगितली, आणि यूट्यूबवर शोधलंत तर समोर आले बाळंतिणींचे केगल व्यायाम. तुम्ही बावचळलात यात नवल नाही. चार वर्षांपूर्वी माझंही हेच झालं होतं. मी डॉक्टर नाही, आई आहे. माझी लेक आता अकरा वर्षांची आहे.

आधी एवढं करा: ते व्हिडिओ बघून घरी केगल सुरू करू नका. अर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने 1948 मध्ये हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतर स्नायू सैल पडलेल्या बायकांसाठी. त्यात आवळायला शिकवतात. माझ्या लेकीला आवळणं येतच होतं, जरा जास्तच येत होतं. सोडणं येत नव्हतं.

ती साडेसातला स्कूलबसमध्ये चढायची आणि अडीचला घरी यायची. शाळेतल्या बाथरूमच्या दाराला कडी नव्हती, वास तर विचारूच नका. म्हणून ती जायचीच नाही. बाटली भरलेली परत यायची आणि मी पाणी पीत नाहीस म्हणून ओरडायचे. खेळता खेळता ती मध्येच खाली बसायची, एक टाच बुडाखाली दाबून, दहा-पंधरा सेकंद. मला वाटायचं चपलेचा पट्टा लावतेय. पुढे कळलं की ती शूची कळ मारण्याची युक्ती आहे आणि व्हिन्सेंट नावाच्या डॉक्टरने साठच्या दशकातच तिची नोंद करून ठेवलीय. सासूबाई म्हणायच्या, खेळाच्या नादात हिला भानच राहत नाही. एकदा मी तिला चापटही मारली. अजून आठवतं.

होतं काय, की मूल वर्षभर असं रोखून धरतं तेव्हा तळाच्या स्नायूंना तीच सवय लागते. मग शू करायला बसल्यावरही ते पूर्ण सैल होत नाहीत. मूत्राशय ढकलतंय आणि खाली दार अर्धं लोटलेलं. लेकीला एका खुर्चीसारख्या भांड्यावर शू करायला लावली (युरोफ्लोमेट्री म्हणतात, काही टोचत नाहीत), तर कागदावर एका घंटेसारखी गोल रेघ यायच्या ऐवजी करवतीचे दाते आले. लगेच सोनोग्राफी केली तेव्हा आत 60 मिली शिल्लक. या वयात मूत्राशयात किती मावायला हवं याचा ढोबळ हिशेब असा: वयात एक मिळवा आणि तीसने गुणा. सात वर्षांना 240 मिली. म्हणजे चौथा हिस्सा ती बाथरूममधून परत घेऊन यायची. मग अर्ध्या तासात चड्डी ओली नाही होणार तर काय?

आणि बद्धकोष्ठता. मी डॉक्टरांना ठामपणे सांगितलं होतं, रोज होते हो तिला. ती रोज थोडीशी व्हायची, बाकी आत साठत होती. भरलेलं मोठं आतडं पुढच्या मूत्राशयाला दाबतं, आणि शी-शू दोन्ही रोखणारे स्नायू शेजारीशेजारीच. म्हणून पहिले दोन महिने व्यायाम नाहीच, फक्त पोट साफ ठेवणं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर डॉक्टरांनी मोजून दिली होती. आईचं मनुक्यांचं पाणीही चालू होतं, पण खरं काम पावडरने केलं. पोट साफ होऊ लागलं तसं ओलं होणं निम्म्यावर आलं.

दुसरी गोष्ट इतकी साधी की हसू येईल: पाट. कमोडवर मुलांचे पाय लोंबकळतात, आत पडू नये म्हणून ती मांड्या आवळून बसतात, मग तळ सैल कसा होणार? देवघरातला जुना पाट पायाखाली दिला, कमोडवर लहान सीट घातली, चड्डी घोट्यापर्यंत खाली, गुडघे लांब, जरा पुढे वाकून. मुलींचे गुडघे जवळ असले तर थोडी शू योनीत जाते आणि उभं राहिल्यावर गळते, हेही तेव्हाच कळलं.

मग बायोफीडबॅक, म्हणजे स्नायू आवळलाय की सैल आहे हे स्क्रीनवर बघून शिकणं. दोन छोटे स्टिकर बुडाच्या फटीशी, एक मांडीवर. सुई नाही, करंट नाही, आत काही घालत नाहीत. स्क्रीनवर एक मासा: आवळलं की वर, सोडलं की खाली. पहिल्या दिवशी मासा वरच अडकून बसला. फिजिओ मॅडमनी साबणाचे फुगे हातात दिले आणि हळू फुंकायला सांगितलं. पोट सैल झालं आणि मासा सावकाश तळाशी गेला. लेक ओरडली, "आई, मी काहीच नाही केलं!" आम्ही आठवड्याला एक अशी आठ सेशन केली. शू मध्येच थांबवायचा 'व्यायाम' कुणी सुचवला तर ऐकू नका, आपल्या मुलींची नेमकी तीच खोड मोडायचीय.

कपडे काढावे लागतात का, हा प्रश्न पडला असेल म्हणून: स्टिकर मीच लावायचे, वर चादर, आणि मी पूर्ण वेळ खोलीत. मुलांसोबत काम केलेली फिजिओ शोधा. आत बोट घालून तपासते म्हणाली तर सरळ उठून या.

शाळेत दर दोन तासांनी जाऊ द्यावं असं डॉक्टरांचं पत्र दिलं, मनगटावर थरथरणारं घड्याळ बांधलं. तरी परीक्षेच्या दिवसांत दोनदा मागे घसरलो. पूर्ण कोरडी व्हायला साधारण आठ महिने लागले.

एक मात्र बघून घ्या. नीट शू करूनही सतत थेंबथेंब गळत असेल, कमरेखाली मणक्यावर खळगा किंवा केसांचा पुंजका असेल, चालणं बदललं असेल, अचानक खूप तहान लागून वजन उतरत असेल, किंवा ताप येऊन शू करताना जळजळत असेल, तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

पहिल्या सेशनला जाताना दोन दिवसांची वही न्या: किती वाजता, किती मिली, चड्डी ओली की कोरडी, शी कधी. मोजायला वेगळा कप आणा आणि त्यावर मार्करने मोठ्ठी खूण करा. आमच्याकडे ती केली नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्यातून चहाचं पाणी मोजलं.