वडील आठवायला गेलं की फक्त हॉस्पिटलच आठवतं

"वडील जाऊन वर्ष होत आलं, पण डोळे मिटले की नळ्या लावलेला चेहराच दिसतो, चांगलं काही आठवतच नाही, माझं काही चुकतंय का?" हे मला बरेच जण विचारतात. एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

निपाणीजवळच्या गावातला चाळिशीचा माणूस. तीन भावांचं एकत्र घर, तंबाखूची शेती आणि सगळा कारभार अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे. वखारवाल्याशी भाव करणार तेच, पोरींची लग्नं जमवणार तेच. शेवटचे दिवस बेळगावात आयसीयूत गेले. "वाघासारखा माणूस ओ मॅडम, आणि मला तेवढंच दिसतंय."

भीतीत आणि जागरणात बघितलेलं डोक्यात जास्त घट्ट बसतं, त्याचा प्रेम कमी-जास्त असण्याशी काही संबंध नाही. लोक सांगतात विसरून जा, माझ्या मते हा सगळ्यात बेकार सल्ला, दाबाल तेवढं ते वर येतं. म्हणून मी त्याला आधी हॉस्पिटलचंच सांगायला लावलं, सुरुवातीपासून, कोण काय बोललं, कुठला कागद पुढे आला सगळं. तिथं गाठ सापडली. व्हेंटिलेटरच्या कागदावर सही यानं केली होती आणि अण्णांचे हाल आपण केले असं मनात धरून बसला होता, घरात कुणाला बोललाच नव्हता.

बोलणार तरी कुणाशी, घरात अण्णांचं नावच निघत नव्हतं. आई रडेल म्हणून पोरं गप्प, पोरांना त्रास होईल म्हणून आई गप्प, फोटोला हार घातला की झालं.

"हा आजार आहे का ओ?" असंही त्यानं विचारलं. सहा महिन्यांनंतरही दुःखाची धार तशीच राहून रोजचं जगणंच अडत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, त्याला आजार धरलंय. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या २०२२ च्या व्याख्येत मोठ्या माणसांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. हा शेतात जात होता, जेवत होता, त्यामुळे मला तसं वाटलं नाही. पण झोपच उडाली, जगूच नये असं वाटायला लागलं तर थांबायचं नाही, सरळ मानसोपचार डॉक्टर, नाहीतर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, फोन मोफत आहे.

मग म्हटलं, रविवारी जेवणं झाली की सगळे बसा, आत्यांनाही बोलवा, आणि फक्त गुणगान नको. यावर मी अडूनच बसते, कारण गेलेल्या माणसाला देवमाणूस करून टाकलं की त्याच्याबद्दल बोलायला काही उरतच नाही.

थोरल्या आत्यानं १९८१ चं काढलं. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींबरोबर शेतकरी निपाणीला हायवेवर बसले होते, त्यात अण्णा घरात न सांगता भाकरी बांधून गेलेले. गोळीबार झाला तसे घरी परत आले आणि चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. अण्णा घाबरलेले असू शकतात हे पोरांना पहिल्यांदाच कळलं. धाकटा भाऊ वेगळाच तापला, दोघांना मराठी शाळेत आणि मलाच कन्नड शाळेत का घातलं म्हणून, तर आई म्हणाली, अरे पहाणीचे, म्हणजे जमिनीच्या उताऱ्याचे कागद कन्नडात, ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागायचे, घरातलं एक तरी पोर वाचणारं पाहिजे म्हणायचे ते. यावरनं बरीच वादावादी झाली म्हणे, पण सगळी अण्णांवरच. त्यातच यानं सहीचं सांगून टाकलं. आत्या म्हणाली, "तू केली नसतीस तर मी केली असती, गप बस."

आयसीयू अजून दिसतं, पण आता मधे मधे. परवा परत आला होता, म्हटलं काय झालं, तर पोराच्या दहावीचं टेन्शन.