भीड, मुर्वत आणि आब

प्रश्न असा आहे : समाजशास्त्रातल्या 'फेस-वर्क'ला, म्हणजे चारचौघांत स्वतःची नि समोरच्याची किंमत सांभाळण्याला, मराठीत 'भीड' म्हणता येईल का? आणि भीड नि मुर्वत एकच का?

'भीड' नको. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५च्या निबंधात 'फेस' म्हटलं ते चारचौघांत माणूस स्वतःची जी किंमत धरून वागतो, तिला. आपल्याकडे त्याला 'आब' हा तयार शब्द आहे. 'तोंड' घेतलं तर फसतं. तोंड लपवणं, तोंडघशी पडणं, तोंडाला काळं फासणं : तोंड आठवतं ते बहुधा इज्जत गेल्यावर. फेस-वर्क म्हणजे आब राखणं, स्वतःचा आणि समोरच्याचाही.

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पाहा. सोयाबीनचा कट्टा कमी भरला, तर जाणता शेतकरी "काटा मारला" म्हणत नाही. "शेटजी, घरच्या वजनात अन् ह्याच्यात फरक येऊलालाय, जरा पाहता का?" आडत्या म्हणतो, "काटा हलला असंल, परत ठेवा." वजन भरतं. "हां, आता जमलं." "बसा, चहा येऊ द्या." गॉफमननं सांगितलेल्या चारही पायऱ्या इथं आल्या : हरकत, भरपाई, स्वीकार, आभार. चौथी पायरी ज्याची चूक सावरून घेतली गेली त्याची असते, म्हणून चहा आडत्याचा. पहिल्याच वाक्यात "काटा मारला" आलं की दुसरी पायरी तुटते. फेरवजन करणं म्हणजे चोरी कबूल करणं होतं, मग आडत्या भांडणारच.

शेतकऱ्याची जीभ जी आवरते ती भीड. भीड ही भावना आहे, आब राखणं ही कृती. भीड वाटते, पडते, सवयीनं चेपते. कधी ती मोडवत नाही. वजनदार माणसाकरवी शब्द टाकला तर ती 'भीड घालणं'. 'भीड भिकेची बहीण' म्हणतात ते हिच्या तोट्याबद्दल.

मुर्वत मात्र 'वाटत' नाही. ती ठेवावी, बाळगावी लागते. मूळ अरबी 'मुरुव्वत', म्हणजे मर्दाला शोभणारा मोठेपणा. फारसी-उर्दूच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. म्हणून मुर्वतीत ठरवून केलेला विचार असतो, भिडेत मनाचा अटकाव. 'भीडमुर्वत न बाळगता' या जोडशब्दात दोन्ही एकत्र नांदतात, त्यानंच घोटाळा होतो.

'तोंडदेखलं' हा शब्दही इथं ओढू नये. तो समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांच्या १९८३च्या मांडणीतल्या वरवरच्या अभिनयाला चपखल बसतो : आत राग, वर हसू.

तेव्हा मोंढ्यातल्या प्रसंगाचं वाक्य असं करावं : भिडेपोटी शेतकऱ्यानं आडत्याचा आब राखला.