प्रश्न तुमचे : कीट्सचं दुखणं आणि कीट्सची कविता

प्रश्न : इंग्रज कवी जॉन कीट्सला क्षय झाला आणि त्यातूनच त्याच्या मोठ्या कविता आल्या, असं आमच्या वाचनगटात सगळे धरून चालतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : तारखा एकाखाली एक लिहून पाहा, म्हणजे गोष्ट वेगळी दिसेल. 1810 मध्ये कीट्सची आई क्षयानं गेली, तेव्हा तो 14 वर्षांचा होता. धाकटा भाऊ टॉम 1 डिसेंबर 1818 ला त्याच आजारानं गेला, वयाच्या 19व्या वर्षी. शेवटचे काही महिने हॅम्पस्टेडच्या खोल्यांत त्याच्या उशाशी कीट्सच होता. नाइटिंगेल या रात्री गाणाऱ्या पक्ष्यावरची कविता आली त्यानंतरच्या वसंतात, आणि ऑटम या ऋतूवरची ‘टू ऑटम’ 19 सप्टेंबर 1819 ला. त्याच्या स्वतःच्या खोकल्यातून रक्त पडलं ते 3 फेब्रुवारी 1820 च्या रात्री.

म्हणजे या कविता रोग्याच्या नाहीत. रोग्याची सेवा केलेल्या आणि मागे उरलेल्या माणसाच्या आहेत. नाइटिंगेलच्या तिसऱ्या कडव्यात तारुण्य फिकटतं, सुकून भुतासारखं होतं आणि मरतं. तिथं टॉमचाच चेहरा आहे, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रक्त पडल्यानंतर त्यानं नवं जवळजवळ काहीच लिहिलं नाही. जुलै 1820 मध्ये निघालेला संग्रह आधी लिहून ठेवलेल्या कवितांचा होता. उपचारासाठी रोमला गेल्यावर 30 नोव्हेंबर 1820 ला तिथून पाठवलेल्या पत्रात तो म्हणतो, की आपलं खरं आयुष्य मागेच सरलं, आता चाललंय ते मरणानंतरचं जगणं. दुखण्यानं त्याला कविता दिली, असं म्हणू नका. दुखण्यानं ती त्याच्याकडून हिरावून घेतली.

प्रश्न : पहिल्याच रक्तात त्याला शेवट कसा कळला?

उत्तर : तो वैद्यक शिकलेला होता. लंडनच्या गाईज हॉस्पिटलात शस्त्रक्रियेच्या जखमा बांधायचं काम त्यानं केलं होतं, आणि 1816 मध्ये औषधं देण्याचा परवानाही मिळवला होता. 3 फेब्रुवारीच्या त्या रात्री पैसे वाचवायला तो घोडागाडीत बाहेरच्या जागेवर बसून आला, गारठला. अंथरुणात शिरताना खोकला आला आणि चादरीवर एक थेंब पडला. मित्र चार्ल्स ब्राऊनला त्यानं मेणबत्ती आणायला सांगितली, थेंब उजेडात निरखला, आणि हे धमनीतलं रक्त आहे, हा माझा मृत्युदंडाचा हुकूम आहे, असं शांतपणे सांगितलं. ही हकिकत ब्राऊननंच लिहून ठेवली आहे.

प्रश्न : रोममध्ये उपचार चुकले का?

उत्तर : आजच्या नजरेनं, हो. डॉ. जेम्स क्लार्क यांनी आधी दुखण्याचं मूळ पोटात शोधलं. दिवसाला एक छोटा मासा आणि पावाचा तुकडा, वर शिरेतून रक्त काढणं. आधीच रक्त ओकणाऱ्या माणसाची उरली ताकदही त्यात गेली. क्षयाचा जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखनं दाखवला तो 1882 मध्ये. 23 फेब्रुवारी 1821 ला कीट्स गेला, वय 25. रोमच्या कायद्यानं त्याच्या खोलीतलं सामान जाळलं गेलं, कारण तिथं क्षय संसर्गाचा मानत. इंग्लंडमध्ये तो घराण्यातून येणारा मानत. टॉमच्या खोलीत कीट्सनं राहणं म्हणूनच कुणाला धोक्याचं वाटलं नसावं.

प्रश्न : मी या दोन कविता मराठीत आणते आहे. नाइटिंगेलला बुलबुल आणि ऑटमला शरद म्हटलं तर चालेल ना?

उत्तर : दोन्ही टाळा. बुलबुल दिवसा बोलणारा पक्षी, आणि ही कविता अंधारात घडते. पाचव्या कडव्यात पायाशी कुठली फुलं आहेत ते दिसत नाही, वासावरून ओळखावं लागतं. त्या अंधाराला त्यानं लावलेल्या ‘embalmed’ या विशेषणात सुगंध आहे, तसाच प्रेताला लावायचा लेपही. नुसतं ‘सुगंधी’ लिहिलंत तर अर्धा अर्थ गळतो. ‘नाइटिंगेल’ हा शब्दच ठेवा. कडवं 10 ओळींचं आहे. आठवी ओळ आखूड, इतर ओळींत पाच आघात तर तिच्यात तीन. वाचताना तिथं श्वास तुटतो. सगळ्या ओळी सारख्या केल्या की तो धक्का जातो.

शरद म्हटलं की आपल्याला निरभ्र आकाश आणि चांदणं आठवतं. कीट्सच्या ऋतूत धुकं आहे, भरलेली फळं आहेत, कापणी झालेलं रान आहे. ‘सुगी’ हा शब्द जास्त जवळचा. तिसऱ्या कडव्यातल्या मावळतीनं गुलाबी झालेल्या रानासाठी ‘धसकटं’ बिनधास्त वापरा. विंचेस्टरजवळ फिरताना त्यानं हीच पाहिली होती, आणि वसंताच्या गार हिरव्यापेक्षा ती ऊबदार वाटतात असं दोन दिवसांनी पत्रात लिहिलं होतं. इथं कडवं 11 ओळींचं आहे; ती जादा ओळ कापू नका, ऋतू तेवढाच रेंगाळतो.

सगळ्यात मोठी चूक होते ती शेवटी. या कवितेत ‘मी’ एकदाही येत नाही. मरणं येतं ते दिवसाचं आणि वाऱ्याचं. चिलटांचा गळा दाटतो, कवीचा नाही. कवीचं चरित्र माहीत असल्यामुळे अनुवादक शेवटच्या ओळीत एखादा निरोप, एखादा उसासा घालतात. मुळात तिथं फक्त आकाशात जमणाऱ्या पाकोळ्यांची किलबिल आहे.