दुसऱ्या फेरीला कोण थांबणार, हे मे महिन्यातच ठरवा

तुमचा प्रश्न असा आहे: शेजारशेजारच्या ग्रामपंचायती आणि नगरपालिका एकत्र येऊन लोकांच्या सुरक्षेचे प्राधान्यक्रम ठरवू शकतात का, की हे सगळं कलेक्टर ऑफिसचंच काम? आणि करायचं झालं तर सुरुवात कुठून करावी?

ठरवू शकतात. आम्ही ठरवले, आणि पुरात ते उपयोगी पडलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत मी बरीच वर्षं ग्रामसेवक होतो. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडी अजून ग्रामसेवकच आहे.) त्यामुळे मी पुराविषयीच सांगेन. तुमच्याकडे वणवा असेल, बिबट्या असेल, हायवेवरचे अपघात असतील, पण अडतं बहुतेक याच ठिकाणी.

आधी आमचा मुलूख समजून घ्या. कराडला कोयना कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा मिळते आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. म्हणजे सातारा, सांगली आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावर पडलेला पाऊस शेवटी आमच्या दारातून जातो. पुढे राजापूर बंधारा ओलांडला की कर्नाटक, मग हिप्परगीचा बंधारा आणि त्याच्याही पुढे अलमट्टी धरण. आमच्या गावात लख्ख ऊन पडलेलं असताना नदी चढते. अंगणात उभं राहून आभाळाकडे बघून काहीच कळत नाही. कळतं ते वरच्या गावाकडून. म्हणून आमच्याकडे एकट्या गावाला सुरक्षित राहताच येत नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष असतात. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला तिथे जागा आहे. २०२२ पासून बराच काळ जिल्हा परिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या, त्यात ही जागा नुसती कागदावर उरली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच कायद्यात स्थानिक संस्थांची कर्तव्यंही लिहिली आहेत: आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, साधनं वापरण्याजोगी ठेवणं, जिल्हा आराखड्याला धरून मदतकार्य करणं. तेव्हा परवानगीची वाट बघू नका. पाच गावांनी मिळून ठरवा, प्रत्येक ग्रामसभेत एकाच मजकुराचा ठराव घ्या आणि प्रत तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांना द्या. आम्ही तेवढंच केलं आणि कोणी आडवं आलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. एकत्र काम करायचं म्हटलं की लोकांना वाटतं, साधनं कमी आहेत ती वाढवायची. साधनं कमी असतातच. पण भांडण होतं ते क्रमावरून. पूर सगळ्या गावांना एकाच रात्री येतो आणि बोट प्रत्येकाला त्याच रात्री हवी असते. आधी कोण जाणार, याला सगळे हात वर करतात. दुसऱ्या फेरीला कोण थांबणार, याचं उत्तर पाणी दारात असताना कोणीही देणार नाही. ते उत्तर कोरड्या जमिनीवर, मे महिन्यात घ्यावं लागतं.

हे आम्ही २०१९ ला शिकलो. त्याआधीचा मोठा पूर २००५ चा. तेव्हा सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं आणि सगळ्यांच्या मनात तीच खूण पक्की होती. ‘२००५ ला उंबऱ्याला लागलं नाही, आता काय लागतंय’, असं म्हणून माणसं घरात बसून राहिली. २०१९ ला ते ५७ फुटांच्या पुढे गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कोल्हापूरचा रस्ताच तुटला. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि त्यात बायका-लेकरं गेली. ती बातमी आली तेव्हा मी एका शाळेच्या जिन्यावर बसलो होतो, आणि आमच्याही समोर एका बोटीसाठी दोन गावांची माणसं हमरीतुमरीवर आली होती. बोट ज्या काठाला लागली होती तिथल्या लोकांनी ती सोडली नाही. पलीकडच्या गावात डायलिसिसचा एक पेशंट होता, त्याच्या डायलिसिसची पाळी दुसऱ्या दिवशी होती. त्याच्या मुलाने मला अकरा फोन केले. शेवटी त्याला गुळाच्या काहिलीत बसवून आणलं, दोन्ही बाजूंना पोहणारी पोरं लावून. आमच्याकडे जुन्या पुरांतही काहिली वापरायचे, पण अंगात त्राण नसलेल्या माणसाला त्या गोल कढईत बसवणं, तेही धारेला लागून, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. तो वाचला. ज्यांनी बोट अडवली तीही वाईट माणसं नव्हती. त्यांच्या घरातही म्हातारी माणसं होती. त्यांना आधी कोणी काही विचारलंच नव्हतं.

२०२१ च्या मे महिन्यात, कोरोनाची दुसरी लाट चालू असताना, आम्ही पाच गावांची दहा-बारा माणसं एका शाळेच्या पटांगणात अंतर ठेवून बसलो. सरपंच होतेच, पण मी आग्रहाने बोलावली ती दुसरीच माणसं: पोलीस पाटील, आशाताई, वायरमन, पाणीपुरवठ्याचा माणूस आणि दोन नावाडी. आशाताईंच्या वहीत सगळं होतं. कोणाच्या बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये आहे, कोण डायलिसिसवर, कोणाकडे ऑक्सिजनचं मशीन, कोणती म्हातारी एकटी राहते. पाचही गावांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि गाव न बघता एकच यादी केली. पहिल्या फेरीची नावं वाचून दाखवली तेव्हा सगळ्यात मोठ्या गावाची त्यात दोनच माणसं निघाली. तिथले सरपंच थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “बरोबर हाय. लिहा.” माझ्या नोकरीत मी ऐकलेला सगळ्यात मोलाचा ठराव तो.

तोवर दुपार झाली होती. खरा पेच त्यानंतर आला, जनावरांचा. पूरपट्ट्यात काम केलेल्या कोणालाही विचारा, माणूस घर सोडत नाही त्याचं निम्मं कारण गोठ्यात असतं. दोन म्हशींचं दूध डेअरीला जातं त्यावर घर चालतं. त्या पाण्यात सोडून बोटीत बस म्हटलं तर बाई बसणार कशी? म्हणून माणसांच्या आधी जनावरं हलवायची. ती हलली की माणसं आपोआप मागून येतात. पण न्यायची कुठे? आमच्या पाचांतलं एक गाव माळावर आहे, तिथे कधीच पाणी येत नाही. त्यांचं म्हणणं रास्त होतं: “दरवेळी तुमची जनावरं आमच्या माळावर, तुमची माणसं आमच्या शाळेत, आमच्या टाकीतलं पाणी चौथ्या दिवशी संपतं. आम्हाला काय?”

याला भावनिक उत्तर देऊन चालत नाही. आम्ही हिशोब मांडला. माळावरच्या गावात एप्रिल-मेमध्ये पाण्याची बोंब असते, आणि उसाच्या फडाला आग लागली तर बंब यायला वेळ लागतो. नदीकाठच्या गावांकडे तेव्हा पाणी असतं, ट्रॅक्टर असतात, टँकर असतात. मग ठरलं: उन्हाळ्यात काठाच्या गावांनी माळाला टँकर द्यायचे आणि आगीच्या वेळी पाण्याने भरलेला ट्रॅक्टर-टँकर पाठवायचा. पावसाळ्यात माळाने जागा द्यायची, पण चारा ज्याचा त्याने आधीच नेऊन टाकायचा. काठाकडे उन्हाळ्यात पाणी असतं, माळाकडे पावसाळ्यात उंची. शेजाऱ्याला देण्यासारखं आपल्याकडे काय आहे हे प्रत्येक गावाला सापडलं, तेव्हाच ती बैठक खऱ्या अर्थाने जुळली. तुमच्या भागातही आधी हे शोधा. एकतर्फी उपकारावर उभी केलेली व्यवस्था दुसऱ्या वर्षी मोडते.

मग फुटांची भाषा. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका ४३, सांगलीला आयर्विनजवळ ४० आणि ४५. हे आकडे रेडिओवर, व्हॉट्सअपवर सगळीकडे फिरतात. पण ते त्या त्या ठिकाणचे आहेत. आमच्या गावात आयर्विनचे ४५ म्हणजे काय, हे कोणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. नावाड्यांनी सांगितलं तेव्हा कळलं की घरात पाणी शिरायच्या कितीतरी आधी ओढ्याला फुगवटा येऊन पुलावरचा रस्ता जातो. गावाचं बेट होतं ते तेव्हा, आणि त्या क्षणापर्यंत गाव अगदी कोरडं असतं, मुलं रस्त्यावर खेळत असतात. आमच्यासाठी धोक्याची पातळी म्हणजे रस्ता जाण्याची पातळी. मग प्रत्येक गावाने आपापला पूल, आपापली स्मशानभूमी, आपापला विजेचा डीपी (ट्रान्सफॉर्मर) कोणत्या आकड्याला बुडतो ते २००५ आणि २०१९ च्या आठवणींवरून लिहून काढलं आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलं. विजेच्या खांबांवर २०१९ ची रेघ लाल रंगाने मारली. त्या रेघेपाशी उभं राहिलं की ती कित्येक ठिकाणी डोक्याच्या वर जाते. म्हाताऱ्या माणसांना पटवायला एवढं पुरतं.

वरच्या गावाने खालच्या गावाला कळवायचं, तेही मोघम नाही. ‘पाणी वाढतंय’ असा फोन करायचा नाही. ‘आमचा अमुक पूल किती वाजता गेला’ एवढंच सांगायचं. एक माणूस फोन करणार, एक माणूस घेणार, दोघांच्या गैरहजेरीत कोण तेही ठरलेलं.

दोनच महिन्यांनी परीक्षा झाली. २०२१ च्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा महापूर आला, कोल्हापूरला पाणी ५६ फुटांवर गेलं. रस्ता जायच्या आधीच आमच्या चार गावांतली बहुतेक जनावरं माळावर पोहोचली होती. बोट आली तेव्हा यादी वाचली गेली आणि मोठ्या गावाची माणसं खरंच थांबली. सगळं बिनचूक झालं असं नाही. चारा कमी पडला, एका गावातल्या शाळेत संडासांची फार आबाळ झाली आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास बायकांना झाला. ते आमच्या यादीत नव्हतं, पुढच्या मे महिन्यात आलं. पण त्या आठवड्यात काठावर बोटीवरून एकही भांडण झालं नाही.

तुम्ही नगरपालिकांचंही विचारलंय. शहराकडे अग्निशमन दल असतं, यांत्रिक बोटी असतात, प्रशिक्षित माणसं असतात, आणि पुरात शहरालाच त्यांची गरज असते. तेव्हा शहराकडून पुराच्या दिवशी बोट मागू नका, मे महिन्यात प्रशिक्षण मागा. फायरमन एक दिवस येऊन लाइफ जॅकेट कसं बांधायचं, बोटीत किती माणसं घ्यायची, बुडणाऱ्याला मागून कसं धरायचं हे पोरांना शिकवून गेले, तर ते बोटीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. साखर कारखान्यांनाही धरा. त्यांच्याकडे बंब असतो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा ताफा असतो. एनडीआरएफ, म्हणजे केंद्राचं आपत्ती प्रतिसाद दल, पुण्याजवळून येतं. ते येईपर्यंतचे तास आपले आपल्याला काढायचे असतात.

सरहद्दीचं एक सांगितलं पाहिजे. आमच्या पलीकडच्या काठावर कर्नाटकातली गावं आहेत. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला महाराष्ट्राचा विरोध आहे, हा वाद वरच्या पातळीवर चालत राहील. २०२१ च्या जूनमध्ये दोन्ही राज्यांची बंगळूरमध्ये बैठक झाली आणि धरणांची माहिती एकमेकांना देण्याचं ठरलं, ते चांगलंच झालं. पण गावाचं काम त्यासाठी थांबत नाही. पलीकडे आमच्या लेकी दिल्यात, तिकडच्या सुना इकडे आल्यात, दोन्ही काठांवर माणसं मराठी-कन्नड दोन्ही बोलतात. आमच्या एका पोलीस पाटलांचे व्याही पलीकडच्या पंचायतीत सदस्य आहेत. त्यांच्या फोनवरून येणारी खबर आम्ही ठरवून यादीत घातली. नातं असतंच, फक्त त्याला वेळ आणि जबाबदारी नेमून द्यावी लागते.

सुरुवात कुठून करावी, तर तुमच्या चार-पाच गावांत मिळून एखादी बोट, पंप किंवा जनरेटर असेलच. तो कोणत्या खोलीत आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे एवढं उद्या विचारून या, आणि इंजिन समोर उभं राहून सुरू करायला लावा. आमच्याकडे त्या पहिल्या मे महिन्यात बोटीचं इंजिन सुरू झालं नव्हतं. दोरी ओढून ओढून नावाड्याच्या हाताला फोड आले. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला होता. मेकॅनिकला इचलकरंजीहून यायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस आमच्याकडे होते.