सुपरसॉनिक विंड टनेलमध्ये टर्ब्युलन्स मोजण्यासाठी हॉट-वायर घ्यावी की लेझर डॉपलर?

मॅक 3 च्या (ध्वनीच्या तिप्पट वेगाच्या) ब्लोडाउन टनेलमधील, म्हणजे टाकीत साठवलेली हवा सोडून चालणाऱ्या टनेलमधील, मुक्त प्रवाहाच्या (भिंतींपासून दूरच्या हवेच्या) टर्ब्युलन्सची, म्हणजे अनियमित चढउतारांची, टक्केवारी काढण्यासाठी यांपैकी कोणते उपकरण घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. हॉट-वायर घ्या, म्हणजे विजेने तापवलेली बारीक तार, जिच्या थंड होण्यावरून हवेचा प्रवाह कळतो. मात्र तिच्यातून निघालेल्या आकड्याला टर्ब्युलन्स म्हणण्याची घाई करू नका. एका आलेखापायी मी जवळजवळ वर्षभर वाद घातला आहे, म्हणून हे इतक्या ठामपणे लिहिते आहे.

आमच्या टनेलमध्ये 5 मायक्रॉन जाडीची, साधारण सव्वा मिलिमीटर लांबीची टंगस्टनची तार वापरत असत. तिच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती चढउतार आहेत हे दाखवणाऱ्या आलेखात, 50 किलोहर्ट्झच्या आसपास एक उंच, टोकदार शिखर दिसू लागले. माझ्या वरिष्ठांनी ते प्रवाहातील भोवऱ्यांचे लक्षण ठरवले, आणि त्या शिखरासकट साऱ्या सिग्नलची बेरीज करून वेगाच्या चढउताराची टक्केवारी अहवालात घातली. मला ते पटेना, कारण दोन वेगवेगळ्या प्रोबवर (तार बसवलेल्या दांड्यांवर) ते शिखर दोन वेगवेगळ्या जागी येत होते, आणि भोवऱ्यांना आपण कोणता प्रोब लावला आहे हे कळण्याचे काही कारण नाही. हवेच्या माऱ्याने ताणलेली तार सतारीच्या तारेसारखी कंप पावते, प्रत्येक कंपनात तिच्यावरील ताण बदलतो, ताणाबरोबर तिचा विद्युतरोध बदलतो, आणि यंत्र तो बदल हवेचा समजून नोंदवते. याला स्ट्रेन-गेजिंग म्हणतात.

मी सूक्ष्मदर्शकाखाली नवी तार जोडली. एक टोक प्राँगवर, म्हणजे तार धरणाऱ्या सुईसारख्या टोकावर, स्पॉट-वेल्ड केल्यावर दुसरे टोक जोडण्याआधी प्राँग केसभर जवळ आणले, त्यामुळे तार सरळ न राहता हलकासा बाक घेऊन बसली. श्वासानेही ती हलत होती, म्हणून तोंड वळवून श्वास घ्यावा लागला. पहिल्या दोन तारा टनेल सुरू होतानाच्या शॉकने (दाबाच्या तीव्र लाटेने) तोडल्या. तिसरी टिकली आणि तिच्या स्पेक्ट्रममध्ये ते शिखर नव्हते. तरीही अहवालातील आकडा बदलला गेला नाही, याची खंत मला आजही आहे.

शिखर गेल्यावर उरलेला सिग्नल तरी वेगाचा असतो का? नाही. तारेपुढे स्वतःचा एक छोटा शॉक उभा असतो, आणि मॅक 1.2 च्या वर तारेला वेग व घनता वेगवेगळे कळत नाहीत. तिला फक्त त्यांचा गुणाकार, म्हणजे मास फ्लक्स, आणि एकूण तापमान (वाहती हवा थांबवली तर जे होईल ते) कळते. या दोन्हींचा वाटा वेगळा काढायचा तर तीच तार अनेक ओव्हरहीटवर, म्हणजे हवेपेक्षा वेगवेगळ्या प्रमाणात जास्त तापवून, चालवावी लागते. संशोधक कोवास्नाय यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ही रीत घालून दिली, आणि चढउतारांचे भोवरे, तापमानाचे डाग व ध्वनी असे तीन प्रकार पाडले. एका ओव्हरहीटवर, कमी वेगाच्या टनेलची कॅलिब्रेशन पद्धत उचलून काढलेली टक्केवारी मी ग्राह्य धरत नाही. त्यातच ब्लोडाउन टनेलमध्ये टाकीतील हवा प्रसरण पावून थंड होत जाते आणि एकूण तापमान रनभर घसरते, तेव्हा ते थर्मोकपलने सोबत नोंदवलेच पाहिजे.

मॅक 3 ला मुक्त प्रवाहात जे सापडते ते बहुतांशी ध्वनी असते. नॉझलच्या भिंतींवरील टर्ब्युलंट सीमास्तर (भिंतीलगतचे खळबळते हवेचे थर) तो प्रवाहात फेकतात, हे संशोधक लाउफर यांनी 1961 साली दाखवून दिले. टाकीचा दाब उतरवून भिंतीवरील सीमास्तर लॅमिनार (शांतपणे वाहणारा) झाला की चढउतार एकदम खाली येतात. तुमच्या टनेलचा दाब तितका उतरवता येत असेल तर ही चाचणी आधी करा.

लेझर डॉपलरबद्दल थोडक्यात सांगते. त्यात हवेऐवजी तिच्यात सोडलेल्या कणांचा वेग मोजला जातो. खोलीच्या तापमानाची हवा मॅक 3 ला सेकंदाला सुमारे 620 मीटर वेगाने जाते, म्हणजे मिलिमीटरभराचा भोवरा पावणेदोन मायक्रोसेकंदांच्या आत निघून जातो, आणि मायक्रॉनभराचा कण तितक्या वेळात वेग बदलू शकत नाही. सीमास्तरातील मोठ्या भोवऱ्यांसाठी आणि सरासरी वेगासाठी लेझर उत्तम आहे. मुक्त प्रवाहातील बारीक चढउतारांसाठी नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तारेचे तापमान स्थिर ठेवणाऱ्या कॉन्स्टंट-टेम्परेचर यंत्राची कमी ओव्हरहीटवरील बँडविड्थ (किती जलद चढउतार टिपता येतात ती मर्यादा) फार घसरते, म्हणून अनेक ओव्हरहीटच्या कामाला तारेच्या मंदपणाची भरपाई करणारे, विद्युतप्रवाह स्थिर ठेवणारे कॉन्स्टंट-करंट यंत्र बरे पडते. आणि मास फ्लक्सचे जे वर लिहिले ते ट्रान्सॉनिक पट्ट्यात (ध्वनीच्या वेगाच्या आसपास) लागू नाही. तिथे वेग, घनता आणि तापमान या तिघांची संवेदनशीलता वेगवेगळी काढावी लागते.

अहवालात मात्र तारेला बाक होता की नाही आणि आकडा किती ओव्हरहीटवरून काढला, हे आलेखाच्या खालीच लिहा, परिशिष्टात नको.