दस्ता लाकडी की सिंथेटिक?

प्रश्न : वारसाने आलेली .३१५ बोअरची रायफल पीकसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्या नावे आहे. दर पावसाळ्यात नेम डावीकडे सरकतो आणि उन्हाळ्यात पुन्हा जागेवर येतो. मागच्या दस्त्याला मुठीजवळ केसासारखी चीर दिसते. सिंथेटिक दस्ता बसवून घ्यावा का?
– वाचक, किनवट (जि. नांदेड)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. नेम सरकतो तो नळीखालच्या, पुढच्या लाकडामुळे. मे महिन्याच्या झळांत लाकूड सुकून आकसतं, श्रावणात ओल पिऊन फुगतं. तेही लाकडाच्या रेषांना आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. उजवी भिंत फुगली की नळी डावीकडे रेटली जाते.

रायफल रिकामी असल्याची खात्री करा, मॅगझिन आणि बोल्ट (मागे-पुढे सरकणारा दांडा) काढा. साध्या कागदाची पट्टी नळी आणि लाकडाच्या फटीतून टोकाकडून मागे सरकवा. चेंबरजवळचा (काडतूस बसतं तिथला) नळीचा जाड भाग लाकडात बसलेलाच असतो, तिथे ती थांबणारच. पण त्याआधी एका बाजूला मोकळी आणि दुसऱ्या बाजूला अडकत असेल, तर लाकूड वाकलंय. नळीला काजळी लावून ती लाकडात बसवायची, काढायची आणि काळे डाग पडले तेवढीच जागा गोल काठीला गुंडाळलेल्या १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायची. एका वेळी थोडंच; घासून गेलेलं लाकूड परत येत नाही.

वर चकचकीत पॉलिश आणि नळी बसते ती आतली खाच कोरडी, हा दोष फार आढळतो. ओल शिरते ती आतून आणि कापलेल्या टोकांतून. बॉइल्ड जवस तेलात तेवढंच टर्पेंटाइन मिसळून पहिला हात आत आणि टोकांना द्या. मग नुसत्या तेलाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हात पंधरा-वीस मिनिटांनी कोरडा पुसायचा आणि मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा. घाण्यावरचं कच्चं जवस तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. खोबरेल कधीच सुकत नाही. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात; पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

मुठीजवळची चीर जास्त गंभीर आहे. मागचा झटका याच अरुंद जागेतून खांद्यापर्यंत येतो. मागचा दस्ता रायफलीला आवळून धरणारा लांब बोल्ट (हा स्क्रू, वर काढलेला बोल्ट वेगळा) ढिला झाला की प्रत्येक बाराला लाकडावर ठोका बसतो. एका हाताने ॲक्शन (नळीमागचा पोलादी सांगाडा) धरून दुसऱ्याने दस्ता पिळून पाहा. किंचित जरी हलला तरी दुरुस्ती होईपर्यंत बार काढू नका. ली-एनफिल्ड घडणीच्या अनेक रायफलींत या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न उतरवता बोल्ट फिरवला तर तेच उकलतं! लाकूड काळं, तेलकट असेल तर चिरेत भरायचा इपॉक्सी डिंकही धरत नाही, मग दस्ता नवाच लागतो. बंदुकीचं तेल झिरपू नये म्हणून रायफल नळी खाली करून ठेवावी.

किनवटकडे सागवान हाताशी असतं, म्हणून मोह होतो. पण ते झटक्याला रेषेत चिरतं, शिवाय त्याच्या अंगच्या तेलामुळे चिकटवलेला सांधा नीट धरत नाही. अक्रोड उत्तम; शिसव टिकाऊ, पण जड. रेषा मुठीतून सरळ गेल्या पाहिजेत. काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या, साध्या सुताराकडे नको.

आता सिंथेटिक. तयार दस्ते बहुतेक दुसऱ्या घडणीच्या, एकाच तुकड्याच्या रायफलींच्या मापाचे असतात. तुमच्या रायफलीचं लाकूड पुढचं आणि मागचं अशा दोन तुकड्यांचं, ती त्यात बसायची नाही. आमचं मत स्पष्ट आहे : पुढचं लाकूड तसंच राखा आणि मागचा दस्ता अक्रोडाचा करा.

रानडुक्कर किंवा रोही पिकात शिरली तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय बार टाकता येत नाही. पीकसंरक्षणाचा शस्त्रपरवाना म्हणजे ही परवानगी नव्हे.

प्रश्न : नवी टार्गेट रायफल घेतोय. स्वस्त सिंथेटिक दस्ता चालेल का?
– वाचक, लातूर

उत्तर : ओल-उन्हाचा त्रास त्याला नाही, पण साच्यातल्या प्लास्टिकचा पुढचा भाग अनेकदा लवचीक असतो. दुकानातच पुढचा भाग आणि नळी एकत्र चिमटीत दाबा. फट मिटली तर तो नको, कारण बायपॉडवर (नळीखालच्या दोन पायांच्या टेकूवर) टेकवल्यावरही हेच होणार. थरांचा फायबरग्लास असा लवत नाही, पण महाग पडतो. त्यापेक्षा प्लायसारख्या थरांचा लॅमिनेटेड दस्ता पाहा : जड असतो, पण वाकत नाही.